सायकल शर्यतीचा एक टप्पा: बघायचा कसा आणि त्यावर भांडायचं कसं

माझा मेहुणा क्रिकेटवाला. जुलै २०२२ मध्ये एका रात्री जेवायला आला, तेव्हा आमच्याकडे टीव्हीवर टूर दी फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत चालू होती. पोळीचा तुकडा हातातच धरून पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी, हे सगळे एकत्रच चाललेत. शर्यत कधी सुरू होणार?"

प्रश्न रास्त होता. सायकल शर्यत नवख्याला दिसतच नाही. कोणाचे सोबती संपले, कोण वाऱ्याला छाती देतोय आणि कोण आडोशाला बसलाय, पुढे पळालेल्या सहा जणांत कोणाचा माणूस मुद्दाम पेरलेला आहे, हे ठाऊक नसेल तर समोर नुसत्या रंगीबेरंगी पाठी दिसतात. ते दिसायला लागावं म्हणून काय करायचं, ते क्रमानं सांगतो. उदाहरण सगळीकडे एकच ठेवतो: १३ जुलै २०२२, टूरचा अकरावा टप्पा, आल्बेरव्हील ते ग्रानोंची खिंड. त्या दिवसावरून आमच्या घरात अजून दोन तट आहेत.

पहिली पायरी: आदल्या रात्री चढांचा आलेख काढून बघा

प्रत्येक टप्प्याचा उभा आलेख शर्यतीचे आयोजक आधीच प्रसिद्ध करतात. दहा मिनिटं द्या, पुरेत. अंतर शेवटी बघा, आधी चढ बघा. चढांना क्रमांक असतात. चौथा वर्ग सगळ्यात सोपा, पहिला अवघड, आणि त्याहून वरचे ते 'ऑर कातेगोरी', म्हणजे वर्गवारीत न मावणारे.

अकरावा टप्पा १५२ किलोमीटरचा होता. सपाटीच्या टप्प्यांच्या मानानं आखूडच. पण त्यात आधी मोंव्हेरनिएची नागमोडी वळणं, मग तेलेग्राफ हा पहिल्या वर्गाचा चढ, पाठोपाठ २,६४२ मीटर उंचीची गालिबिये खिंड आणि शेवटी ग्रानों: ११.३ किलोमीटर, सरासरी चढ ९.२ टक्के.

९.२ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की नऊ मीटर वर. ११.३ किलोमीटरला गुणा, हजार मीटरच्या थोडं वर जातं. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठतो आपण. त्याच्या जवळजवळ दुप्पट, तीही गालिबिये चढून उतरल्यावर. ग्रानोंचा माथा २,४१३ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून साडेसातशे मीटर वर. तिथे हवा विरळ असते, दम लवकर लागतो.

सरासरीला मात्र फसू नका. सरासरी सात टक्क्यांच्या चढात मध्ये दोन किलोमीटर सपाटी असू शकते, आणि तिथे थकलेला माणूस सावरतो. ग्रानोंवर अशी जागाच नाही. शिवाय टूरनं त्याआधी तो रस्ता एकदाच वापरला होता, १९८६ मध्ये. म्हणजे २०२२ च्या घोळक्यातल्या एकानेही तिथे टूरचा टप्पा लढलेला नव्हता. असं काही आलेखाच्या शेजारी लिहून ठेवावं, वाद घालताना उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: एकाच रस्त्यावर चार-पाच शर्यती चालतात, तुमची कोणती ते ठरवा

नवखे इथेच गोंधळतात. टप्पा जिंकणं ही एक शर्यत. तीन आठवड्यांचा सगळ्यात कमी एकूण वेळ ही दुसरी, तिच्या पुढाऱ्याला पिवळी जर्सी. टप्प्याच्या शेवटी आणि वाटेतल्या ठरलेल्या रेषांवर मिळणाऱ्या गुणांसाठी हिरवी. चढांवरच्या गुणांसाठी लाल ठिपक्यांची. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो 'घाटांचा राजा' ठरतो, त्याचाच हा फ्रेंच भाऊ म्हणा. तरुणांमध्ये पहिला असेल त्याला पांढरी.

आघाडीवर पळालेला माणूस आणि शर्यत जिंकत असलेला माणूस वेगवेगळे असतात. पुढे दहा मिनिटं गेलेला एकूण वेळेत पाऊण तास मागे असेल, तर पिवळ्या जर्सीवाल्याला त्याची फिकीर नसते, जाऊ देतो. मेहुण्याला हे उमगलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे कोणाला सोडायचं नाही एवढंच बघायचं." बरोब्बर. शर्यत सुरू व्हायच्या आधी पहिल्या दहा जणांतली वेळेची अंतरं एका कागदावर लिहा. मी वर्तमानपत्राच्या समासावर लिहितो.

त्या सकाळी कागदावर असं होतं: पिवळी जर्सी तादेय पोगाचारकडे, मागची दोन वर्षं टूर जिंकलेला स्लोव्हेनियाचा पोरगा. डेन्मार्कचा योनास विंगेगोर ३९ सेकंद मागे. विंगेगोरच्याच संघातला प्रिमोझ रोग्लिच अडीच मिनिटांहून जास्त मागे. पाचव्या टप्प्यात पडून त्याचा खांदा निखळला होता. हा तिसरा आकडा लक्षात ठेवा, भांडणाचं मूळ तो आहे.

तिसरी पायरी: वारा समजून घ्या

लहानपणी एसटीच्या मागे सायकल धरून चाललेली पोरं तुम्ही पाहिली असतील. (करू नका. आम्ही मार खाल्लाय.) समोरच्यानं हवा फोडली की मागच्याला पायडल हलकं लागतं. घोळक्यात नीट लपलेल्या माणसाची एक तृतीयांशाच्या आसपास ताकद वाचते, मधोमध असेल तर आणखीही. मोठ्या नावाचा माणूस दिवसभर दिसत नाही तो यामुळेच. सोबती त्याला वाऱ्यापासून झाकतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर आपलं चाकही काढून देतात. टूरमध्ये संघ आठ जणांचा. आठांतला एक जिंकतो, सात जण झिजतात.

सपाटीवर पळून गेलेली टोळी सहसा सापडते तीही वाऱ्यामुळेच. रोबेर शापात नावाचे एक जुने फ्रेंच समालोचक, स्वतः शर्यती केलेले, त्यांचा ठोकताळा अजून वापरतात: पाठलाग मनावर घेतलेला घोळका दहा किलोमीटरला एक मिनिट कापतो. तीस किलोमीटर उरलेत आणि अंतर दोन मिनिटं आहे? पुढचे सापडले समजा. हल्ली वेग वाढलेत, तरी घरातल्या पैजेला हा हिशोब चालतो.

तीव्र चढावर मात्र वेग घटतो आणि आडोशाचा फायदाही घटतो. तिथे लपता येत नाही. मोठ्या शर्यतींचे निकाल चढावर लागतात ते एवढ्यासाठी. पण चढावरही सोबती लागतो. वेग बांधून द्यायला, आणि दोन चढांच्या मधल्या दरीतल्या सपाट रस्त्यावर ओढून न्यायला. ग्रानोंच्या दिवसाची अर्धी गोष्ट त्या दरीतली आहे.

चौथी पायरी: टीव्ही कधी लावायचा

जुलैत फ्रान्स आपल्यामागे साडेतीन तास. टप्पे बहुधा तिकडे संध्याकाळी पाचच्या आसपास संपतात, म्हणजे आपल्याकडे साडेआठ-नऊला. सपाटीचा टप्पा असेल तर शेवटचा अर्धा तास बघा, बाकीचा वेळ सूर्यफुलांची शेतं आणि किल्ले. तेही छान असतात, पण कामं असतात माणसाला. डोंगराळ टप्पा शेवटून दुसऱ्या मोठ्या चढापासून बघा. शेवटचा चढ तेवढा बघणारे निकाल बघतात, कारण त्यांच्या नजरेतून सुटतं. प्रक्षेपण कुठे दिसणार ते मात्र दरवर्षी जूनमध्येच शोधून ठेवा.

पडद्यावर किलोमीटर आणि अंतराचे आकडे येतात. त्यांच्याइतकंच माणसांकडे बघा. खांदे हलायला लागले की कंबर थकली. पाठीच्या खिशाकडे हात जाणं बंद झालं असेल तर खाणं राहतंय. सगळ्यात खरी खूण म्हणजे पुढच्याचं मागचं चाक आणि मागच्याचं पुढचं चाक यातली फट. आधी वीतभर असते. मग हातभर होते, माणूस उठून उभा राहतो, पायडल मारून ती बुजवतो. पुन्हा हातभर. पुन्हा बुजवतो. तिसऱ्यांदा ती सायकलभर झाली आणि तो बसूनच राहिला, की समालोचकाच्या आधी तुम्ही सांगू शकता: सुटला.

पाचवी पायरी: घडलं काय ते आधी क्रमानं मांडा, मत नंतर

अकराव्या टप्प्याची नोंद मी त्या रात्री केली ती अशी.

सुरुवातीलाच विंगेगोरच्या जम्बो-व्हिस्मा संघाचा वाउट फान आर्ट पुढे पळाला. हिरवी जर्सी त्याच्याकडेच होती, त्यामुळे गुणांसाठी पळाला असं वाटावं. गुण घेतलेही. पण तो पुढे असण्याचा दुसरा उपयोग असा की दुपारी गरज पडली की तो थांबणार आणि मागून येणाऱ्या आपल्या पुढाऱ्याला ओढणार.

तेलेग्राफवरच जम्बोनं मारा सुरू केला. शर्यतीचे साठाहून जास्त किलोमीटर बाकी असताना! मग गालिबियेच्या पायथ्याकडून आधी रोग्लिच सुटायचा, पोगाचार त्याला गाठायचा. तो गाठतो न गाठतो तोच विंगेगोर सुटायचा. परत रोग्लिच. परत विंगेगोर. पोगाचार प्रत्येक वेळी स्वतः उठला आणि स्वतः गेला. त्याच्या युएई संघातले दोघे कोविडमुळे आधीच घरी गेले होते, आणि उरलेल्यांपैकी त्या क्षणी जवळ कोणी नव्हतं. गालिबियेच्या वरच्या भागात तर पोगाचारनंच वेग वाढवला. सोबत उरला एकटा विंगेगोर. आमच्या घरात टाळ्या पडल्या. त्या दुपारी तो कॅमेऱ्याकडे बघून हसलाही.

उतारावर आणि खालच्या दरीत मागचे पुन्हा येऊन मिळाले. पोगाचारला त्याचा सोबती रफाव मायका परत मिळाला, आणि ग्रानोंवर मायकाच पुढे राहून वेग बांधत होता. सगळं ठीक दिसत होतं. शेवटचे साधारण पाच किलोमीटर उरले असताना विंगेगोर उठला. फट वीतभर, हातभर, सायकलभर. पोगाचारच्या पिवळ्या जर्सीची चेन सताड उघडी, दोन्ही पल्ले वाऱ्यावर, आणि तो खाली बसलेला. त्याला असं बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मेहुणा सुद्धा काही बोलला नाही.

विंगेगोर जिंकला. नैरो किंताना ५९ सेकंद मागे, रोमाँ बार्दे त्याच्यामागे. पोगाचार सातवा, २ मिनिटं ५१ सेकंदांनी. (किंतानाचे त्या टूरमधले निकाल पुढे ट्रॅमाडॉल या वेदनाशामकामुळे रद्द झाले. त्यामुळे जुने तक्ते आणि नवे तक्ते जुळले नाहीत तर चक्रावू नका.)

सहावी पायरी: हिशोब जुळवून बघा

हे कंटाळवाणं वाटेल, पण भांडणात समोरचा इथेच घसरतो. सकाळी पोगाचार विंगेगोरच्या ३९ सेकंद पुढे. रात्री २ मिनिटं २२ सेकंद मागे. बेरीज करा: ३ मिनिटं १ सेकंद. पण रस्त्यावर तर तो २ मिनिटं ५१ सेकंदच मागे आला होता. दहा सेकंद कुठे गेले?

बोनस. टप्प्याच्या पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. सातव्याला काही नाही. एवढ्यानंच कधीकधी शर्यती फिरतात, म्हणून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये "आता कशाला मारामारी करतायत" असं म्हणू नये. तसंच, एकाच थव्यात शेवट गाठणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, आणि टप्पा फार हळू संपवला तर वेळमर्यादेबाहेर म्हणून माणूस घरी जातो. शेवटून येणाऱ्या जाड्याजुड्या स्प्रिंटवाल्यांची ती वेगळीच शर्यत असते. डोंगराच्या दिवशी मला ती जास्त आवडते, पण तो विषय निराळा.

पॅरिसला शर्यत संपली तेव्हा त्या वर्षी दोघांत अंतर पडलं २ मिनिटं ४३ सेकंद. म्हणजे एकट्या ग्रानोंवर गेलेल्या वेळेहूनही कमी.

सातवी पायरी: आता भांडा

भांडण रंगावं असं वाटत असेल तर 'कोण भारी' यावर भांडू नका, त्याला अंत नाही. एक निर्णय निवडा. ग्रानोंच्या दिवसाचा निर्णय असा: गालिबियेवर रोग्लिच सुटला तेव्हा पोगाचारनं स्वतः पाठलाग करायला हवा होता का?

माझं मत त्या रात्री ठाम होतं. नको होता. रोग्लिच अडीच मिनिटांहून जास्त मागे, खांदा दुखावलेला, जाऊ द्यायचं त्याला. पोगाचारनं पोरकटपणा केला, प्रत्येक टोचणीला उसळला, आणि ग्रानोंवर त्याचं बिल आलं. पुरावा काय? निकाल.

मेहुणा हात धुऊन आला आणि त्यानं विचारलं, "दाजी, तेव्हा त्याच्याजवळ कोणी होतं का?"

नव्हतं.

"आणि तो जो पुढे होता, हिरवा, तो कोणाचा?"

जम्बोचाच.

"म्हणजे त्या खांदेवाल्याला सोडला असता तर तो पुढे जाऊन हिरव्याला मिळाला असता, आणि दरीत दोघं मिळून पळाले असते. इकडे पोगाचार एकटा, चाकाला विंगेगोर चिकटलेला, तो कशाला ओढेल? पलीकडे शेपूट उरलं की सेट झालेल्या बॅट्समनलाच फटके मारावे लागतात. मग तो कॅच गेला की तुम्ही म्हणता, कशाला मारला."

पहिल्यांदाच आख्खा टप्पा बघणाऱ्यानं हे म्हणावं! मी पाणी प्यायलो. टप्प्यावर बोलताना तेव्हापासून मी तीन गोष्टी स्वतःला विचारतो.

त्या क्षणी त्याला काय दिसत होतं? आपल्याला हेलिकॉप्टरमधलं चित्र दिसतं आणि शेवट माहीत असतो. त्याला समोरची पाठ दिसते आणि कानातल्या रेडिओवरून सांगतील तेवढंच कळतं. निर्णय त्या माहितीवर जोखायचा, निकालावर नाही. माझी चूक ती होती.

दुसरा मार्ग कोणता, आणि त्याची किंमत किती? 'करायला नको होतं' हे अर्धंच वाक्य आहे. काय करायला हवं होतं, आणि ते फसलं असतं तर किती वेळ गेला असता, हेही सांगावं लागतं.

आणि तिसरं, जे कॅमेऱ्यात दिसत नाही त्यावर किती विसंबताय? 'खाणं चुकलं असणार' हा सायकलप्रेमींचा आवडता निष्कर्ष. खरा असूही शकतो. या लोकांना तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात ढकलावी लागतात आणि उन्हात घास उतरत नाही. पण ते तुम्ही पाहिलेलं नाही. 'मला वाटतं' म्हणा आणि पुढे जा. उत्तेजकांच्या संशयाचंही तेच. या खेळाचा इतिहास काळा आहे. लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, त्यामुळे संशय येणं समजू शकतो. तरी चढ वेगानं चढला एवढ्यावरून कोणाला चोर ठरवणं हा वाद नव्हे, चावडीवरची कुजबुज आहे.

माझं मत आता निम्मं बदललंय. रोग्लिचमागे जाणं त्याला भाग होतं, हे मान्य. पण गालिबियेच्या माथ्याजवळ स्वतःहून वेग वाढवायला कोणी सांगितलं होतं? विंगेगोर चाकाला चिकटलेलाच राहणार हे तोवर दिसलं होतं, आणि खाली दरीत सगळे पुन्हा जुळणारच होते. तो जोर ग्रानोंच्या शेवटच्या पाच किलोमीटरसाठी ठेवायला हवा होता. मेहुण्याचं म्हणणं, जम्बोचे बाकीचे लोक गाळून टाकायला तेवढा एकच उपाय होता त्याच्याकडे. हे अजून मिटलेलं नाही.

प्रत्यक्ष बघायला मिळालं तर

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, पाच दिवसांची, आंतरराष्ट्रीय संघांची. अशी शर्यत जवळून जाणार असेल तर सपाट रस्त्यावर उभे राहू नका; घोळका पंधरा सेकंदांत निघून जातो आणि हाती मोबाइलमधला धुरकट व्हिडिओ उरतो. घाटात जा, निम्म्याच्या वर, वळणाच्या आतल्या बाजूला. रस्ता बंद व्हायच्या आधी पोचा, पाणी आणि टोपी न्या, पोरांचा हात धरून ठेवा. तिथे माणसं सुटी-सुटी येतात. चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो. पहिल्या दहांनंतर निघू नका. शेवटची गाडी जाईपर्यंत थांबा.

राहिला दुसरा दिवस. टप्पा एका दिवसात संपतो, भांडण संपत नाही, कारण पुढचा टप्पा त्यात साक्ष देतो. १४ जुलैला ब्रियाँसोंहून निघून परत गालिबिये, मग क्रुआ द फेर आणि शेवटी आल्प द्युएझ. टप्पा टॉम पिडकॉकनं जिंकला, पण आमचं लक्ष मागे होतं. आल्प द्युएझवर पोगाचारनं हल्ला केला. विंगेगोर चाकाला. काही वेळानं पुन्हा केला. विंगेगोर पुन्हा चाकाला. दोघं एकाच वेळेत वर पोचले. म्हणजे आदल्या दिवशीची गळती तब्येतीची नव्हती, असं मी ताडलं आणि फोन हातात घेतला, तर मेहुण्याचाच फोन येत होता. "दाजी, आज त्याच्याजवळ कोण होतं, लिहून ठेवलंत का?"